सड्यावर, गोठ्याजवळ बसून निसर्गचित्र: जागा, कागद, रंग आणि गुरं

कातळफूल
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात सड्याला (जांभा दगडाच्या सपाट पठाराला) लागून असलेल्या एका वापरातल्या गोठ्याच्या आवारात चित्रं काढायला परवानगी मिळाली आहे. लहानमोठी चौदा गुरं, त्यात दोन म्हशी आणि एक पाडा. पहिली फेरी श्रावणात, दुसरी डिसेंबरअखेर. मुख्य माध्यम जलरंग, जमलं तर तैलरंगाचे छोटे बोर्डही. सड्यावरून पश्चिमेला समुद्र दिसतो, खाली भाताचा मळा आहे. कुठे बसावं, किती वाजता, पावसाळी हवेत कागदाचं काय करावं आणि गुरांच्या कामात अडथळा न होता हे कसं जमवावं, जाणकारांनी तपशिलात सांगावं. "आधी सराव करा" छापाचे सल्ले नकोत, कृपया.

सडेकर
आधी गोठ्याचं वेळापत्रक विचारून घ्या, मग तुमचं ठरवा. पहाटे धार, मग शेणघाण काढणं, साधारण आठ-नऊला गुरं बाहेर, संध्याकाळी दिवेलागणीच्या आत परत. सुटायच्या आणि परतायच्या त्या पाऊण तासात गोठ्याचं दार, बेडं (आवाराचं फाटक) आणि पाणंद (गुरांची वाट) या तीन जागांवर स्टूल मांडायचं नाही. गुरं रोजच्या वाटेनेच येतात. वाटेत नवीन वस्तू दिसली की पुढची थबकते, मागच्या तिच्यावर आदळतात आणि दोन-तीन शेजारच्या परसात घुसतात.

श्रावणात खाली भात उभं असतं, त्यामुळे गुरं राखणीने वर सड्यावर असतात. भात कापून झालं की बऱ्याच गावांत गुरं मोकळी सोडतात आणि ती मळ्यात उतरतात. म्हणजे तुमच्या दोन फेऱ्यांत चित्राची मांडणीच उलटी होणार. श्रावणात गुरं वर तुमच्या पातळीला, मागे समुद्र. डिसेंबरात तुम्ही वर, गुरं खाली पिवळ्या खुंटांच्या चौकोनांत. डिसेंबरात सड्यावरचं गवतही कापून उडव्या (गवताच्या गंजी) लागलेल्या असतात, त्यामुळे श्रावणात आखलेला पुढचा भाग तेव्हा सापडेल ही आशा सोडा.

वाऱ्याचं: हिवाळ्यात सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. अकरा-बाराच्या सुमारास तो पडतो आणि खारा वारा उलट बाजूने सुरू होतो. सकाळी बरोब्बर लावलेला ईझल दुपारी शिडासारखा वागतो. कातळात खुंटी ठोकता येत नाही. तिपाईच्या मधल्या हुकाला कापडी पिशवी अडकवून तिच्यात दोन-तीन किलो जांभ्याचे तुकडे भरा. पिशवी जमिनीला जेमतेम टेकलेली हवी, लोंबकळत राहिली तर लंबकासारखी हलते आणि ईझलही हलवते. पायांना रबरी टोप्या लावा, ओल्या कातळावर धातूची टोकं घसरतात. आणि गायरीच्या (शेणखताच्या खड्ड्याच्या) वाऱ्याखाली बसू नका, वासापेक्षा माश्यांमुळे.

गोठेवाली_मावशी
सडेकरांनी वेळ सांगितली, मी गुरांचं सांगते.

बाई-बुवा, लाल कपडा घातला म्हणून गाय अंगावर येत नाही. गुरांना लाल वेगळा असा फारसा दिसतच नाही. त्यांना खटकते ती अचानक हालचाल. फडफडणारा प्लास्टिकचा पोंचो, झटक्यात उघडलेली छत्री, ईझलवरून उडालेला कागद. राखण्याच्या खोळीची, घोंगडीची सवय असते, तुमच्या चंदेरी छत्रीची नसते. म्हणून छत्री गुरं यायच्या आधी उघडून बांधून ठेवा आणि ती निघून जाईपर्यंत मिटू नका.

गाईला दोन्ही बाजूंचं जवळजवळ सगळं दिसतं, फक्त शेपटामागचा पट्टा आणि अगदी नाकासमोरचा थोडा भाग दिसत नाही. तेव्हा पाठीमागून जाऊ नये. बाजूने, तिरकं, बोलत बोलत जावं. तुम्ही जवळ जाताना तिने मान वर केली की तिथेच थांबा. तिने परत गवतात तोंड घातलं म्हणजे ते अंतर तिला मान्य आहे, तिथेच मांडा. एक पाऊल आणखी टाकलंत तर ती सरकेल आणि तुमचं रेखाटन गेलं.

नुकती व्यालेली गाय असेल तर तिच्यात आणि वासरात कधीही येऊ नका, ती एरवी कितीही गरीब असो. पाडा किती वर्षांचा आहे ते विचारा. दोन वर्षांच्या पुढचा आणि न ठेचलेला (खच्ची न केलेला) असेल तर तो बांधलेला असतानाच आवारात बसा. म्हशी माणसाला घाबरत नाहीत, उलट चौकशीला येतात. येतात आणि चाटतात. पॅलेट, पिशवी, दोरी, काही म्हणजे काही सोडत नाहीत.

जनावरांचा_डॉक्टर
मावशींनी शेवटी लिहिलंय तेच माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण नुकसान तुमचं नाही, गोठ्याचं होतं.

शिसं: गुरांतल्या विषबाधांमध्ये शिशाची विषबाधा नेहमीची, आणि जुना रंग चाटणं हे तिचं एक कारण. ट्यूबवरचे रंगद्रव्याचे कोड वाचा. पीडब्ल्यू १ म्हणजे शिशाचा पांढरा, पीवाय ३४ म्हणजे क्रोम पिवळा, तोही शिशाचाच. या दोन ट्यूबा गोठ्याकडे नेऊच नका. टायटॅनियम पांढरा आणि हन्सा पिवळा यांच्यावर काम भागतं. कॅडमियम, कोबाल्ट असलेले रंग न्यायचेच तर झाकण लावून, पिशवीत.

रंगाचं पाणी दोणीत, खड्ड्यात, कातळावरच्या डबक्यात ओतायचं नाही. सड्यावर गुरं त्याच डबक्यांतून पितात. दोन बाटल्या न्या, एक लिटर स्वच्छ पाण्याची, एक रिकामी. घाण पाणी भरून घरी.

पिना: ड्रॉइंग पिन, टाचण्या, स्टेपल पूर्ण बंद. गाय चारा चावून निवडत नाही, गिळते आणि मग रवंथ करते. पेंढ्यात पडलेली पिन जाळीपोटात जाऊन बसते आणि तिथून पुढे हृदयाच्या आवरणापर्यंत टोचत जाऊ शकते. म्हणून तर काही ठिकाणी गुरांच्या पोटात लोहचुंबक सोडतात. कागद धरायला मोठे क्लिप वापरा आणि निघताना मोजून घ्या, किती आणले किती परत. मास्किंग टेप, रबरबँड, चिंध्या, तेही मोजूनच.

एका गोठ्यातून दुसऱ्यात जाणार असाल तर बूट आणि तिपाईचे पाय धुवा. लाळ्या-खुरकुतासाठी धुण्याच्या सोड्याचं ४ टक्के पाणी चालतं, म्हणजे एका लिटरला ४० ग्रॅम. आधी चिखल काढून मग सोडा, चिखलावर ओतून उपयोग नाही. खाण्याचा सोडा वेगळा, तो घेऊ नका.

फटाफट
पिन आणि चुंबकाचं माहीत नव्हतं. ड्रॉइंग पिनांची डबी आजच पेटीतून बाहेर.

ओला_कागद
श्रावणाच्या फेरीबद्दल.

किनाऱ्यावर पावसाळी हवा इतकी दमट असते की ३०० जीएसएम कागदावरचा पहिला हात अर्धा तास ओला राहू शकतो. मे महिन्यात दुपारी तोच हात तीन-चार मिनिटांत सुकतो. त्यामुळे थरावर थर ही पद्धत श्रावणात विसरा. एकाच ओलीत आकाश, समुद्र आणि लांबचा सडा एकमेकांत सोडून द्यायचा आणि वर दोन-तीन गडद घट्ट ठसे. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाचे अधिष्ठाता राहिलेल्या प्र. अ. धोंडांची समुद्राची जलरंगचित्रं पाहा, ओलीचा फायदा कसा घ्यायचा ते कळेल.

आकार लहान ठेवा. पूर्ण इंपिरियल कागद २२ × ३० इंच, त्याचा आठवा हिस्सा, म्हणजे साधारण ७.५ × ११ इंच, एका उघाडीत पुरा होतो. त्याहून मोठा घेतलात तर आकाश होईपर्यंत पुढची सर येते.

रंगात पाणी नेहमीपेक्षा कमी. लोक इथेच चुकतात. हवा ओली म्हणून रंग पसरेल असं वाटतं, पण कागदात आधीच दमटपणा असतो, त्यावर भरपूर पाण्याचा ब्रश टेकवला की कडेला फुलकोबी, म्हणजे फुलकोबीसारखा दातेरी डाग, उठते. ब्रश फडक्यावर एकदा टिपून मगच लावायचा.

कागदाचं साइझिंग (रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेला सरसासारखा लेप) मरणं हा कोकणातला खरा शत्रू. दमट कपाटात वर्षभर पडलेल्या कागदाचं साइझिंग जागोजागी मरतं. कोरडा असताना काहीच दिसत नाही, हात मारला की ठिपके ठिपके टीपकागदासारखे रंग पितात आणि गडद पडतात. उपाय नाही, त्या कागदावर पेन्सिल, शाई, कोळसा करा. निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा पातळ हात मारून तिरक्या उजेडात बघा, चमक सलग हवी. साठवण हवाबंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून. पुड्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर कोरड्या करायच्या.

रंगाची पेटी ओली असताना बंद केलीत तर चार दिवसांत पॅनवर बुरशी. रात्री उघडी ठेवा, पण मधाचे रंग असतील तर मुंग्या येतात, तेव्हा पेटीखाली पाण्याची परात.

तेलपाणी
जलरंगवाल्यांचे हाल वाचून वाईट वाटतं :) पावसाळ्यात तैलरंग घ्या की. थेंब पडला तर बोर्ड झटकायचा.

पण तीन गोष्टी. एमडीएफचा बोर्ड असेल तर मागची बाजू आणि चारही कडा प्रायमर किंवा लाखेने बंद करा, नाहीतर कडा फुगून बोर्ड वाकतो. ८ × १० इंच पुरे. दुसरं, पॅलेटवर पाणी साचलं की रंगात सुरीने कालवू नका, रंग दह्यासारखा फुटतो. पाणी टिपून घ्या, वरचा थर खरवडून टाका. तिसरं, घरी नेताना ओले बोर्ड समोरासमोर, मध्ये चार कोपऱ्यांवर बाटलीच्या बुचाचे काप.

सडेकर
तेलपाणी, चौथी गोष्ट राहिली. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. गोठ्यात पेंढ्याचा माळा आणि बाहेर उडवी, वर्षभराची वैरण तिथे असते. चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात बुडवून, आणि परत घरी. टर्पेंटाइनची बाटलीही उन्हात नाही. डिसेंबरनंतर सड्यावरचं गवत कोरडं असतं, एका ठिणगीत डोंगर जातो. माझं मत विचाराल तर गोठ्याच्या आवारात तैलरंग नकोच, सड्यावर मोकळ्या कातळावर काढा.

तेलपाणी
मान्य. मुळात लिहायला हवं होतं. ब्रश धुवायला टर्पेंटाइनऐवजी खायचं करडईचं तेल आणि शेवटी साबण, एवढ्यावर बाहेरचं काम निभतं. चिंध्या मात्र तरीही पाण्यातच, करडईचं तेलही वाळणारंच आहे.

चिरेखाण
रंगांचं कोणीच बोललं नाही.

जांभ्याचे दोन चेहरे आहेत आणि नवखे दोन्हींना एकच बर्न्ट सिएना फासतात. ताजा कापलेला चिरा नारिंगी, मध्येच पिवळा, मध्येच जांभळट, भोकाभोकांचा. उघड्यावर वर्षानुवर्षं पडलेला कातळ मात्र काळपट करडा, शेवाळ-दगडफुलाने चट्टे पडलेला. गडग्यात (सुट्या दगडांच्या कुंपणात) दोन्ही शेजारी शेजारी असतात, कारण ढासळलेले दगड परत रचताना आतली बाजू बाहेर येते. चिऱ्यासाठी लाइट रेड आणि यलो ऑकर, भोकांना बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन. जुन्या कातळाला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, किंचित निळ्याकडे झुकलेला करडा. खरबरीत कागदावर अल्ट्रामरीन दाणेदार बसतो, जांभ्याची भोकं फुकट मिळतात.

आता पावसातला कातळ. दगड ओला झाला की गडद होतो हे खरं, पण सपाट कातळावर पाण्याची फिल्म असते आणि ती आभाळ दाखवते. म्हणून तुमच्यापासून लांबचा ओला कातळ गवतापेक्षा उजळ दिसतो, पायाजवळचा मात्र जवळजवळ काळा. "दगड म्हणजे काळा" असं मनाशी धरून रंगवलंत की सडा उभा भिंतीसारखा दिसतो, आडवा पडत नाही. डोळे बारीक करून बघा, एकाच कातळात तीन छटांचा फरक सापडेल.

श्रावणातला हिरवा ट्यूबमधून येत नाही. लेमन यलो जास्त, प्रशियन निळा नखभर, बास. सॅप ग्रीन सबंध सड्याला मारलात तर क्रिकेटचं मैदान दिसतं. लांबच्या हिरव्यात लाइट रेडचा एक थेंब, म्हणजे तो मागे जातो. डिसेंबरात उलट, गवत यलो ऑकर आणि रॉ सिएना, सावल्या जांभळ्या, क्षितिजाजवळचं आकाश निळं नसून दुधाळ, किंचित कोमट.

कातळफूल
चिरेखाण, हा ओल्या कातळाचा मुद्दा वाचून आधीच्या सगळ्या चित्रांत काय बिघडत होतं ते कळलं. आता गुरांबद्दल. ती हलतात, आणि समुद्राच्या पार्श्वभूमीवर ती कापून चिकटवल्यासारखी दिसतात.

रेघोटी
चिकटवल्यासारखी दिसण्याची दोन कारणं.

एक, क्षितिज. समुद्राचं क्षितिज नेहमी तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर असतं. सपाट सड्यावर ४० सेंटिमीटरच्या स्टुलावर बसलात तर डोळा जमिनीपासून साधारण ११० ते ११५ सेंटिमीटरवर येतो. कोकणातली गाय ठेंगणी, तिची पाठही तिथेच. परिणाम असा की जवळची असो वा लांबची, प्रत्येक गाईची पाठ क्षितिजाच्या रेघेलाच टेकते आणि चित्रात दोरीवर वाळत घातल्यासारखी गुरं दिसतात. उभं राहून काढा, सगळी गुरं क्षितिजाच्या खाली येतील. किंवा कातळावर मांडी घालून बसा, पाठी आणि शिंगं आकाशात चढतील. मधलं स्टूल तेवढं टाळा.

दुसरं, पोटाखालचा उजेड. गाईच्या पोटावर आणि पोळीच्या (गळ्याखालच्या लोंबत्या कातडीच्या) आतल्या बाजूवर जमिनीचा रंग परावर्तित होतो. श्रावणात तो हिरवा, उन्हाळ्यात तांबूस. पांढऱ्या गाईची सावलीची बाजू निळसर जांभळी करून तिच्या पोटाच्या खालच्या कडेला तो रंग ओला असतानाच सोडा. इतक्याने ती जमिनीवर उभी राहते.

हलण्याबद्दल: चरताना पकडायला जाऊ नका. साधारण अकरानंतर गुरं सावलीला बसून रवंथ करतात, तेव्हा बराच वेळ मिळतो. चरताना काढायचीच तर एका पानावर पाच-सहा रेखाटनं एकदम सुरू करा. गाय मान वळवते, पाय टाकते आणि थोड्या वेळाने पुन्हा त्याच ठेवणीत येते, तेव्हा अर्धवट रेखाटनाकडे परतायचं.

शरीर: पाठीपासून जमिनीपर्यंतच्या उंचीत ढोबळमानाने अर्धं धड, अर्धे पाय. मागच्या पायाचा मागे वळलेला सांधा हा गुडघा नव्हे, घोटा आहे, आणि तो पुढच्या गुडघ्यापेक्षा थोडा वर असतो. दोन्ही एकाच रेषेत काढले की टेबल होतं. गाय बसताना आधी पुढचे गुडघे टेकते, उठताना आधी मागचा भाग उचलते. तिचा मागचा भाग वर आला की पेन्सिल खाली ठेवायची, ठेवण संपली.

आणि गायबगळे. श्रावणात विणीचे दिवस असतात, त्यांचं डोकं, मान आणि पाठ बदामी-नारिंगी असते. डिसेंबरात अख्खे पांढरे. बगळ्यासाठी कागद कोराच सोडा, नंतर पांढरा रंग लावून तो उजेड येत नाही.

ओला_कागद
क्षितिजाचं फार उपयोगी. एक शंका, सडा समुद्राकडे उतरता असेल तर?

रेघोटी
तर लांबची गुरं तुमच्या पातळीपेक्षा खाली उभी असतात, तेवढी ती क्षितिजाखाली जातात. उतार किती हे गडग्यावरून ओळखा, गडग्याची वरची ओळ क्षितिजापासून किती सुटते ते पेन्सिलीने मोजा.

भुईकमळ
बसण्याच्या जागेबद्दल दोन सूचना. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी इथली माहीत आहेत, पण आसपास गवताखाली आणखीही असू शकतात. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. खोदलेली रेघ दिसली की तिपाई, स्टूल, रंगाचं पाणी सगळं लांब.

दुसरी, फुरसं, हा विषारी साप. जांभ्याच्या सुट्या दगडांखाली आणि गडग्याच्या फटींत असतं. ईझलच्या पिशवीत भरायला दगड उचलायचा तर आधी काठीने उलटवा, हात घालू नका. अंगाच्या वेटोळ्यांतून करवतीसारखा खरखर आवाज आला की मागे सरका. घोट्यावर येणारे बूट आणि जाड पायमोजे. चावलंच तर मंत्रतंत्र, दोरी, कापणं काही नाही, पाय न हलवता थेट प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात.

देवगडवालो
फुरश्याचा नाव काढलात ता बरा केलात. आनी आंब्याखाली बसाच्या आधी वर बघा. पानां चिकटवन केलेली ओंबलांची, म्हंजे तांबड्या मुंग्यांची, घरटी असली तर चित्र ऱ्हवता आनी माणूस उड्या मारता.

गोठेवाली_मावशी
परवानगीबद्दल एक. गोठा एकाचा असला तरी सडा बरेचदा सामायिक असतो, सातबाऱ्यावर चार-पाच घरांची नावं असतात. गोठ्याच्या मालकाने हो म्हटलं तरी सड्यावर बसताना त्यालाच विचारा की आणखी कोणाच्या कानावर घालायचं. बेडं जसं होतं तसं ठेवायचं. उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावलेलं. शहरातली माणसं चांगुलपणाने उघडं बेडं लावून जातात आणि संध्याकाळी गुरं बाहेर अडकतात.

कातळफूल
सगळ्यांचे आभार. यादी केली: क्लिप बारा, घाण पाण्याची बाटली, पिशवी दगडांसाठी, काठी, धुण्याचा सोडा, आठवा हिस्सा कागद वीस. स्टूल घरीच. एकच राहिलं, श्रावणात न सुकलेलं जलरंगचित्र स्कूटरवरून कसं न्यायचं?

ओला_कागद
बोर्डावर चारही बाजूंनी टेपने पक्कं केलेलंच न्या, सोडवू नका. वर उथळ पुठ्ठ्याचं खोकं उलटं, मिठाईचं मोठं खोकं मापाला येतं, आणि सगळं मिळून एका प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवीचं तोंड घट्ट बांधायचं नाही, आत वाफ धरते आणि आकाशावर थेंब पडतात. बोर्ड आडवा, पायांमध्ये सपाट. घरी पोचल्यावर पंख्याखाली आडवाच ठेवा, टेप दुसऱ्या दिवशी काढा.